पालिमेच्या खडखड्याचं गाऱ्हाणं

मी एक जुना टाइपरायटर आहे आणि मी जळका आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर तुम्ही म्हणायला नको की म्हाताऱ्यानं फसवलं. इतर जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात की आम्ही तृप्त आहोत, आमचं काही म्हणणं नाही. मित्रांनो, मी तृप्त नाही. माझं पुष्कळ म्हणणं आहे. एका लॅपटॉपनं माझं टेबल घेतलं, माझी माणसं घेतली, माझ्या अंगावरचं पांघरूणसुद्धा घेतलं. त्याला आता वर्ष उलटून गेलं, तरी त्याचं नाव निघालं की माझ्या सगळ्या कळा करकरतात.

माझा जन्म एका थंडगार देशातल्या कारखान्यात झाला. तिथल्या कामगारांनी माझ्या पोटात फ्रेंच अक्षरं बसवली, त्यांच्या डोक्यावरच्या टोप्यांसकट आणि खालच्या शेपट्यांसकट. मग पेटीत बंद होऊन मी जहाजात बसलो, घानाशेजारच्या आमच्या देशात लोमेच्या बंदरात उतरलो आणि कोकोची पोती आणायला निघालेल्या रिकाम्या ट्रकमधून डोंगराच्या पायथ्याला, पालिमेला आलो. तिथल्या एका सरकारी कचेरीत माझी नेमणूक झाली. पहिल्या दिवशी मोठे साहेब स्वतः मला बघायला आले. त्यांनी एका बोटानं आपलं नाव टाइप केलं, दोनदा चुकलं, तरी म्हणाले, ‘‘छान यंत्र आहे.’’ तेव्हा मी किती फुगलो होतो म्हणून सांगू!

पुढं जिग्बोदी आली. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. आमच्या भागात जिग्बोदी म्हणजे धीर, आणि तिच्या बोटांत तो होताच. अठरा वर्षं तिनं माझ्यावर हुकूम, नोटिसा आणि बदल्यांचे कागद बडवले. माझी ‘र’ची कळ अडकते हे फक्त तिला माहीत होतं. ती कळ ती जरा डावीकडून दाबायची. मग कचेरीत विजेवर चालणारी यंत्रं आली, त्यांच्यामागून संगणक आले, आणि मला मोडक्या खुर्च्यांबरोबर कोठीत टाकलं. तिथं एका पालीनं माझ्या पोटात अंडी घातली. त्याच महिन्यात जिग्बोदीलाही घरी पाठवलं. तू कधी कायम नव्हतीसच, असं तिला सांगण्यात आलं. अठरा वर्षांनी!

भंगाराचा लिलाव झाला त्या दिवशी ती आली. तिनं आपली दोन चांगली कापडं, लग्नातली, बाजारात विकली होती. लिलाव करणारा हसून म्हणाला, ‘‘बाई, या खटाऱ्याचं काय करणार? यावर केळी भाजणार?’’

‘‘नाही. तुमच्याविरुद्ध अर्ज लिहिणार,’’ जिग्बोदी म्हणाली.

लोक पोट धरून हसले. तिनं मला डोक्यावर घेतलं आणि सरळ कोर्टासमोरच्या झाडाखाली नेऊन ठेवलं. तिचा पहिला अर्ज तिचा स्वतःचाच होता. नवरा वारल्यावर दिरांनी तिच्या घरातली भांडीसुद्धा नेली होती. त्या अर्जानं तिला पलंग परत मिळाला. घर मिळालं नाही. पण कागद लिहिला की निदान पलंग तरी परत येतो, ही बातमी बाजारात पसरायला एक सकाळ पुरली.

मग बायका येऊ लागल्या. काळे कपडे घातलेल्या, डोकी भादरलेल्या, शोकाच्या दिवसांत मोठ्यानं बोलायची बंदी असलेल्या. त्या आमच्या एवे बोलीत कुजबुजायच्या, जिग्बोदी ते फ्रेंचमध्ये करायची आणि मी ते कागदावर ठणकावून सांगायचो. तिनं एक रीत पाडली होती. अर्ज संपला की शेवटचा ठिपका ज्या बाईचा अर्ज तिनंच दाबायचा. सही येत नसली तरी ठिपका सगळ्यांना येतो. काही बायका तो इतक्या जोरात दाबायच्या की कागदाला भोक पडायचं, आणि कोर्टातला कारकून ते भोक बघून म्हणायचा, ‘‘आलं, जिग्बोदीच्या झाडाखालून आलं!’’

त्यातल्या बऱ्याच बायका आपलं काम झालं तरी घरी गेल्या नाहीत. दुसरीच्या अर्जासाठी थांबल्या. त्यात पहिली दावी अब्रा. दावी म्हणजे आमच्याकडे थोरली बहीण, पण अब्राला सगळं गावच दावी म्हणतं, कारण सगळं गाव तिच्याकडे फुफू खातं. उखळात सुरण कुटून कुटून तिचे दंड असे झाले होते की तिच्याशी वाद घालायला पुरुषही दोन पावलं लांब उभे राहायचे. अशा वीसेक बायकांचा मिळून एक गट झाला. नाव ठेवलं ‘उठा बायांनो’. कोर्टामागं पापा कोम्लानच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. पुढच्या खोलीत मी आणि माझं टेबल. मागच्या खोलीत ज्यांना सासरच्यांनी बाहेर काढलं त्या बायका, त्यांची मुलं, त्यांच्या चटया. आणि माझ्यासाठी अब्रानं निळ्या फुलांचं एक पांघरूण शिवलं. ते पांघरूण लक्षात ठेवा, कारण माझी खरी जखम तिथंच आहे.

तुम्ही विचाराल, हे सगळं चालायचं कशावर? फुफूवर चालायचं, दुसरं काय! अब्रा जेवण द्यायची, साबणवाल्या साबण द्यायच्या, कुणी कागद आणायची, कुणी कार्बन. माझी रिबीन वाळली की जिग्बोदी तिच्यावर शिक्क्याची शाई आणि दोन थेंब तेल सोडायची आणि म्हणायची, ‘‘चल रे खडखड्या, अजून थोडं.’’ बाहेरून मदत म्हणावी तर ती आमच्या डोक्यावरून उडून जायची आणि सरहद्दीपलीकडं घानात उतरायची. तिथं इंग्रजी बोलतात ना! पैसेवाल्यांची कागदपत्रं इंग्रजीत, प्रश्न इंग्रजीत, उत्तरंही इंग्रजीत हवीत. आमच्या बायका एवेमध्ये रडणाऱ्या आणि फ्रेंचमध्ये भांडणाऱ्या. त्यांना कोण विचारतो?

एकदा मात्र आठ मार्चला, महिला दिनाला, राजधानीतून दोन पांढऱ्या गाड्या आल्या. पाहुण्यांनी भाषणं केली, चाळीस टोप्या वाटल्या, माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढले आणि जेवणाआधीच निघून गेले. अब्रानं पंचवीस जणींचा फुफू कुटून ठेवला होता. ती एक टोपी हातात घेऊन उलटसुलट करत राहिली. ‘‘आता ह्या टोप्या उकडून खायच्या का?’’ तिनं विचारलं.

फोटोत मी चांगला आलो होतो, असं ऐकलं. फोटो मात्र आम्हाला कुणी पाठवला नाही.

आता तो आला.

सेलासी ही जिग्बोदीच्या भावाची मुलगी, घानातल्या होहोएत वाढलेली. ती जिग्बोदीला तासी म्हणते, म्हणजे आत्या. गेल्या वर्षी कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत ती मोटारसायकलवरून उतरली, डोक्यापासून पायापर्यंत लाल धुळीनं माखलेली, आणि पाठीवरच्या पिशवीतून तिनं तो काढला. पापडासारखा पातळ, राखाडी, आवाज नाही की घंटी नाही. मला वाटलं, जेवायचं ताट असेल.

‘‘तासी, ह्याला धूळ चालत नाही गं. एखादं कापड आहे का?’’

आणि जिग्बोदीनं, माझ्या जिग्बोदीनं, हात लांब करून माझ्या अंगावरचं निळ्या फुलांचं पांघरूण ओढलं आणि त्याच्यावर घातलं.

मित्रांनो, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वीस वर्षं मी आधी झाडाखाली, पावसात, मग कोर्टामागच्या धुळीत ठोकत बसलो ते काय मला धूळ मानवते म्हणून? पण एवढ्यावर भागलं नाही. टेबल लहान पडतं म्हणून मला उचलून खाली साबणाच्या खोक्याजवळ ठेवलं. माझ्यावर फुफूच्या हातानं टिचक्या मारणाऱ्या बायका त्याला हात लावायच्या आधी हात धुवायच्या! त्याच्या उजेडात तोंडं घालून म्हणायच्या, ‘‘बाई बाई, काय हुशार आहे!’’ हुशार म्हणे. मला तर वाटायचं, त्या उजेडात सगळ्यांचीच तोंडं भुतासारखी दिसतात. मी खालून बघायचो आणि जळायचो. त्यानं बंद पडावं, त्याला मुंग्या लागाव्यात, एखाद्या बकरीनं त्याची वायर चावावी, असं मी रोज मागायचो.

आता अफेफाची गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच घडलं. अफेफाचा नवरा कोकोच्या बागेत झाडावरून पडून वारला. ती काळ्या कपड्यांत कोपऱ्यात बसली होती तेव्हाच तिचा दीर बर्नाबे यानं घराचं कुलूप बदललं आणि बाग आपल्या नावावर करायला घेतली. ती दोन लहान मुलींना घेऊन आमच्या मागच्या खोलीत आली. तिचा अर्ज मीच लिहिला. तो माझा शेवटचा अर्ज, तेव्हा मी अजून टेबलावर होतो. कोर्टानं पुढच्या महिन्याची दहा तारीख दिली. बर्नाबे बाजारात सांगत फिरायचा, ‘‘दहा तारखेच्या आत ही माझ्याच अंगणात परत येते की नाही बघा. शहरात कुणाच्या जिवावर राहणार?’’ एकदा ती त्याच्या छपराखाली गेली की ती आपणहून आली, खटला मिटला, असं तो कोर्टाला सांगणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि नेमका त्याच आठवड्यात पापा कोम्लान आला. टोपी हातात धरून दारातच उभा राहिला.

‘‘जिग्बोदी, मी काही वाईट माणूस नाही,’’ तो म्हणाला.

‘‘असं म्हणत कुणी आलं की मला भीती वाटते, पापा. बोला तुम्ही.’’

‘‘सिमेंटवाल्याला ह्या खोल्या हव्यात, गोदामाला. तो सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मोजतोय. तुम्ही तेवढं दिलंत तर तुम्ही राहा, मी त्याला नाही म्हणतो. एक लाख वीस हजार फ्रँक. महिनाअखेरपर्यंत थांबतो.’’

एक लाख वीस हजार! गटाच्या डब्यात तेव्हा जेमतेम पंधरा हजार होते, तेही पुढच्या साबणाच्या तेलाचे.

तेव्हा सेलासीनं त्या पातळ पापडातून एक बातमी काढली. समुद्रापलीकडच्या कुणा संस्थेला एकदाचा साक्षात्कार झाला होता की फ्रेंच बोलणाऱ्या देशांतल्या बायकांच्या गटांपर्यंत पैसा पोचतच नाही. म्हणून खास त्यांच्यासाठी मदत ठेवली होती. अर्ज मात्र इंग्रजीत! मी खाली बसून हसलो. पण सेलासीला इंग्रजी येत होतं, आणि लॅपटॉपलाही. बायका त्याच्याभोवती गोळा झाल्या.

‘‘इथं विचारलंय, तुमचा बदलाचा सिद्धांत काय?’’ सेलासी म्हणाली.

‘‘कसला?’’

‘‘म्हणजे तुम्ही काय करता आणि त्यानं जग कसं बदलतं.’’

अब्रा कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘‘लिही. बाईला घराबाहेर काढलं की आम्ही तिला आत घेतो. मग सगळ्याजणी मिळून काढणाऱ्याच्या दारात जातो. झाला सिद्धांत.’’

‘‘अगं दावी, इथं पाचशे शब्द मागितलेत.’’

‘‘मग तेच वीस वेळा लिही!’’

शेवटी प्रश्न आला किती पैसे हवेत याचा. इथं घोडं अडलं. अब्राचं म्हणणं होतं की बाजारात मागतात तसं तिप्पट मागावं, समोरचा तोडतोच. जिग्बोदीला ते पटेना. ती म्हणाली, ‘‘आपण सुरण विकायला बसलोय का? अनोळखी माणसाच्या दारात पहिल्यांदा जाताना ओंजळ लहान धरावी. मोठं टोपलं घेऊन गेलं की माणूस घाबरतो.’’ मग तिनं मोजून सांगितलं. वर्षाचं भाडं, छपराचे चार पत्रे, मुलींच्या चटया, कागद, आणि एक नवी रिबीन.

रिबीन! माझ्यासाठी! ती मला विसरली नव्हती. त्या क्षणी मी लॅपटॉपकडे असं बघितलं की विचारू नका.

सगळं मिळून चार लाख दहा हजार झाले. सेलासी बोटं थांबवून म्हणाली, ‘‘तासी, इथं लिहिलंय की साठ लाखांच्या खाली ते देत नाहीत.’’

‘‘असं कसं होईल? कमी मागितलं म्हणून कधी कुणी हाकललंय का? जास्त मागणाऱ्याला हाकलतात.’’

‘‘पण तासी, नियम...’’

‘‘पोरी, साठ लाख आम्ही करायचे काय? ते सांभाळायलाच आणखी वीस बायका लागतील. खरं आहे तेवढंच लिही.’’

सगळ्यांनी माना हलवल्या. आमच्याकडे मागणाऱ्याची लाज मोठी. मागच्या खोलीतल्या बायकांनीसुद्धा सांगितलं की चटया सध्या नकोत, चार लाखांवरच थांबू. सेलासीनं तसा अर्ज पाठवला. आवाज नाही, कागद नाही, शेवटचा ठिपका दाबायला कुणी पुढं आलं नाही. गेला म्हणे. मला तर काहीच जाताना दिसलं नाही.

उत्तर यायला सतरा दिवस लागले. त्या सतरा दिवसांत मी काय मागितलं ते सांगायची मला लाज वाटते, पण सांगतो. मी मागितलं की नकार यावा. त्या पातळ पापडाची सगळ्यांसमोर फजिती व्हावी, बायकांनी मला पुन्हा वर ठेवावं आणि म्हणावं की जुनं ते सोनं. मला पापा कोम्लान आठवत नव्हता, बर्नाबेही नाही. माझ्या डोळ्यांत फक्त ते निळ्या फुलांचं पांघरूण खुपत होतं.

आणि नकार आला. सेलासीनं वाचून दाखवला. तुमची मागणी आमच्या किमान रकमेपेक्षा कमी असल्यानं विचारात घेता येत नाही. आपल्या महत्त्वाच्या कार्याबद्दल आम्हाला नितांत आदर आहे.

‘‘आदर किती फ्रँकचा?’’ अब्रानं विचारलं.

कुणी हसलं नाही. मी मात्र हसलो. माझा रूळ हलला असता तर मी घंटी वाजवली असती, इतका आनंद मला झाला. घ्या म्हटलं, हाच का तुमचा हुशार!

तेवढ्यात मागच्या खोलीतून झाडण्याचा आवाज आला. अफेफा खोली झाडत होती. झाडून झाल्यावर तिनं चटई गुंडाळली, मुलींची दोन झबली घडी केली आणि सगळं एका कापडात बांधलं. धाकटीनं विचारलं, ‘‘आई, बर्नाबेकाकाकडे जायचंय?’’ अफेफानं गाठ बांधली, सोडली, पुन्हा बांधली. मित्रांनो, माझा आनंद तिथंच विझला. मी जे मागितलं होतं ते मला मिळालं होतं, आणि त्याची किंमत ती बाई देणार होती. मी स्वतःला म्हटलं, ‘अरे भंगारा, इतकी वर्षं कचेरीत राहून तू त्यांच्यासारखाच झालास.’

महिना संपायला तीन दिवस राहिले होते. सेलासी म्हणाली की संस्थेनं पुन्हा अर्ज करायला महिनाभर मुदत दिली आहे. या वेळी साठ लाख मागू, सगळं नीट मांडू. पण त्याचं उत्तर यायला महिने लागतील.

‘‘आणि पापा कोम्लान शनिवारी येणार,’’ जिग्बोदी म्हणाली.

मग अब्रा लॅपटॉपकडे बोट दाखवून म्हणाली, ‘‘ह्याला विका! नाहीतरी ह्याचा काय उपयोग झाला? आदर घेऊन आला नुसता. ह्याचे दीड लाख येतील. खडखड्याला पुन्हा वर ठेवू.’’

शाब्बास, अब्रा! तुझ्या हातचा फुफू मला कधी खाता आला नाही, पण त्या क्षणी मी तुझ्या दंडांचा गुलाम झालो. पश्चात्ताप कुठल्या कुठं पळाला. मित्रांनो, मी असाच आहे, काय करू?

सेलासीनं खाली मान घातली. मग म्हणाली, ‘‘विक, तासी. मी पुन्हा कमवीन.’’

ती इतक्या सरळ मनानं म्हणाली की मला तिचाही हेवा वाटला. इतकं चांगलं असायची काय गरज होती तिला?

जिग्बोदीनं त्याच्याकडे पाहिलं. मग खाली वाकून माझ्याकडे पाहिलं. तिचे केस पिकले होते, ते मी इतक्या जवळून बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते.

‘‘तो पोरीचा आहे,’’ ती म्हणाली. ‘‘पोरीची वस्तू मी कशी विकू? हा माझा आहे. मला माझंच विकता येईल.’’

‘‘खडखड्याला? अगं, त्याला कोण घेतंय?’’

‘‘डोंगरावरचा हॉटेलवाला दोनदा विचारून गेलाय.’’

अब्रानं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. अफेफा दारात आली आणि म्हणाली, ‘‘जिग्बोदी, माझ्यासाठी नको. मी जाते.’’

‘‘तू गप्प बस,’’ जिग्बोदी म्हणाली. ‘‘तुझ्यासाठी नाही. बर्नाबेला मी तुला देणार नाही, एवढंच.’’

तिनं घासलेटमध्ये बुडवलेल्या जुन्या ब्रशनं माझं एकेक अक्षर घासलं. ‘र’ची कळ तिनं डावीकडून दाबून पाहिली. तिच्या नाकावरून पाण्याचा थेंब माझ्या रुळावर पडला, तो तिनं पदरानं पुसला आणि म्हणाली, ‘‘गंजशील.’’ मी तिच्यावर इतका रागावलो होतो, मित्रांनो, इतका रागावलो होतो, की ती रडतेय हेही मला उशिरा कळलं.

हॉटेलवाला रोमारिक गाडी घेऊन आला. मला चहूबाजूंनी बघितलं.

‘‘चालतो का?’’

‘‘चालतो. ‘र’ जरा डावीकडून दाबावा लागतो.’’

‘‘नाही चालला तरी हरकत नाही. शोभेला हवाय.’’

शोभेला! चाळीस वर्षं काम केलेल्याला! त्यानं एक लाख पंचवीस हजार दिले. जिग्बोदी ते तसेच मुठीत धरून पापा कोम्लानकडे गेली. गाडी वळली तेव्हा मला खिडकीतून माझं टेबल दिसलं. त्यावर तो बसला होता, माझं पांघरूण अंगावर घेऊन.

आता मी डोंगरावरच्या हॉटेलात एका फळीवर आहे. एका बाजूला लाकडी मुखवटा, दुसऱ्या बाजूला कॉफीची गंजकी किटली. माझ्या डोक्यावर फुलदाणी आहे. परदेशी पाहुणे येतात, दोन कळा दाबतात, ‘‘ओ!’’ म्हणतात आणि कॉफी प्यायला जातात. मला कुणी नीट पुसत नाही. रिबीन कधीच वाळली.

परवा मागच्या दारानं अफेफा आली, हॉटेलला साबण द्यायला. ती स्वयंपाकिणीशी बोलत होती, ते मी सगळं ऐकलं. दहा तारखेला ती कोर्टात उभी राहिली. न्यायाधीशांनी विचारलं, कुठं राहतेस? तिनं कोर्टामागच्या खोलीचा पत्ता सांगितला. बर्नाबे म्हणत होता की ती परत येतेय, तो तिथंच खोटा पडला. घराची किल्ली तिला मिळाली आणि अर्धी बागही. यंदा ती स्वतःचा कोको वाळवतेय. मागच्या खोलीत आता दुसऱ्या दोघीजणी आहेत.

‘‘आणि तो साठ लाखांचा अर्ज?’’ स्वयंपाकिणीनं विचारलं.

‘‘विचाराधीन आहे म्हणे. अकरा महिने झाले.’’

मग जाता जाता तिची नजर माझ्यावर पडली. ती थांबली. फुलदाणी उचलून तिनं बाजूला ठेवली.

‘‘अगं, हा तर आमच्यातला! आमचं सहा महिन्यांचं भाडं ह्यानं भरलंय.’’

‘‘ह्या टाइपरायटरनं?’’

‘‘हो तर. आणि आमच्याकडून अर्जसुद्धा भरून घेतला नाही.’’

दोघी हसल्या. मी त्या दिवसापासून तेच वाक्य घोळवतोय.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी काहीतरी मागायची पद्धत असते, म्हणून मागतो. जुन्या यंत्रांवर फुलदाण्या ठेवू नका. त्यांना काम द्या. आणि कुणी लहान ओंजळ पुढं केली तर तिची गरज लहान आहे असं समजू नका. तिच्या दारापर्यंत जाऊन बघा, आणि तिच्या भाषेत तिला विचारा. पाचशे शब्द मागू नका.

माझा जळफळाट काही संपलेला नाही. तो लॅपटॉप अजून माझ्या टेबलावर आहे, माझ्या पांघरुणात आहे, आणि अब्राच्या हातांनाही आता त्याची सवय झाली असेल. जिग्बोदीनं त्याला ठेवलं आणि मला विकलं, हे मी कधी विसरणार नाही. पण विकताना ती ‘माझा’ म्हणाली. आणि तेव्हा तो टेबलावर चालूच होता, म्हणजे त्यानं ते ऐकलंच असणार.